पहिल्या मालकाचा घाम

दुकानात आलेला मराठी माणूस सायकलीची चौकशी करण्याआधी माझी करतो. शर्टावरची नावाची पट्टी वाचतो. पुण्यात कुठे, शिक्षण काय, मिस्टर कुठे असतात असं विचारत विचारत शेवटी जरा आवाज खाली आणून, "म्हणजे इथे... हेच काम करता?" हेच काम करते. मेकॅनिकल इंजिनिअर झाले, लग्न होऊन एच-फोर व्हिसावर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला आले, आणि कायद्याने नोकरी करता येत नव्हती म्हणून गावातल्या एका स्वयंसेवी वर्कशॉपात जुन्या सायकली उघडायला बसले. 2015 च्या मे महिन्यात नियम बदलला. ज्यांच्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डाचं घोडं थोडंफार पुढे सरकलं होतं, अशा एच-फोरवाल्यांना कामाचं कार्ड मिळू लागलं. माझं कार्ड आलं त्या सुमारास एका दुकानाला मेकॅनिक हवा होता. सासूबाई नातेवाइकांना अजूनही "ती ऑटोमोबाइलमध्ये आहे" असं सांगतात. मी ते खोडून काढत नाही.

डेव्हिस सायकलवेडं गाव आहे. अमेरिकेत रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा पहिल्यांदा आखला गेला तो इथे, 1967 साली. महापालिकेच्या बोधचिन्हावरसुद्धा पुढचं चाक अवाढव्य असलेली ती जुन्या जमान्यातली सायकल आहे. विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी चालवलेलं सायकलचं दुकान 1971 पासून सुरू आहे. जमीन सपाट, पाऊस बेताचा, त्यामुळे भाजी आणायलाही लोक सायकलवरून जातात. पण आपली मंडळी आमच्याकडे येतात ती या भाजीच्या सायकलीसाठी नव्हे. ती घरी असतेच. त्यांना हवी असते रोड बाइक. खाली वळलेलं हँडल, बारीक टायर, शनिवारी सकाळी पुटा क्रीकच्या काठाने विंटर्सपर्यंत जायचं आणि दम उरला तर पुढे कँटेलोचा चढ. आणि पहिला प्रश्न ठरलेला: नवी घ्यावी की वापरलेली?

हीच मंडळी अमेरिकेत उतरल्यावर महिना-दोन महिन्यांत कुणाची तरी लाखभर मैल पळालेली कोरोला बिनदिक्कत घेतात. तिथे मनात किंतु नसतो, कारण गाडीचा इतिहास सांगणारा कागद मिळतो. अपघात किती, मालक किती, सर्व्हिसिंग कधी, सगळं छापून येतं. सायकलीला तसा कागद नाही. ती कुठे आपटली, किती हिवाळे बाहेर उभी राहिली, तिला तेल कोणी घातलं आणि कोणी नाही, याची नोंद कुठेच नसते. असलीच तर सायकलीच्या अंगावर असते.

माझ्या वडिलांनी त्यांची पहिली सायकल मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून घेतली होती, तेव्हा गल्लीतल्या सायकलवाल्यांना बरोबर नेलं होतं. त्यांनी पुढचं चाक उचलून फिरवलं, आऊट बघितला, पायडल उलटं फिरवून कान लावला आणि भाव निम्म्यावर आणला, असं बाबा अजून सांगतात. त्या काळी एक सोय होती. अ‍ॅटलस असो, हीरो असो की हर्क्युलिस, आतला माल जवळपास सारखा. छर्रे, कोन, वाटी, कॉटर पिन कुठल्याही पेठेत मिळायचं, आणि वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग केलं की सायकल पुन्हा उभी. आताच्या रोड बाइकचं तसं नाही. पायडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटचेच इतके प्रकार आहेत की मला भिंतीवर तक्ता लावावा लागला. जुनी सायकल स्वस्तात मिळाली आणि तिला लागणारा चाळीस डॉलरचा भाग बाजारातून उठलेला असला, तर ती स्वस्त राहत नाही.

इतकी वर्षं पाना हातात धरल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. वापरलेली सायकल घेणारा आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असतो. नवी घेणारा स्वतःच्या, अजून न लागलेल्या सवयींचे पैसे मोजतो. गिऱ्हाईक फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची, गिअर किती, वजन किती यावर तासभर बोलतो, पण या दोन्हींपैकी एकही गोष्ट विचारत नाही.

न लागलेल्या सवयी म्हणजे काय, ते 2020 साली सगळ्या देशाने बघितलं. लॉकडाऊनमध्ये जिम बंद, ऑफिस घरात, आणि लोकांनी सायकलींवर उडी घेतली. आमच्या दुकानाला दुरुस्तीपुरती परवानगी होती. दाराबाहेर टेबल मांडून आम्ही सायकली घ्यायचो. मे महिन्यापर्यंत भिंतीवरचे हूक रिकामे झाले. साध्या चेनचीही टंचाई, काही गिअरसेटची वाट तर लोकांनी वर्षभर बघितली. वापरलेल्या सायकली नव्याच्या भावाने गेल्या. मग ऑफिसं उघडली, मुलांच्या शाळा सुरू झाल्या, आणि 2023 पर्यंत चित्र उलटं झालं. कंपन्यांच्या गोदामांत माल पडून राहिला, नव्या सायकलींवर सूट लागली, आणि गॅरेजागॅरेजांतून त्या दोन वर्षांतल्या सायकली बाहेर यायला लागल्या. किती तरी सायकलींच्या टायरवर साच्यातून येणारे रबराचे बारीक केससुद्धा तसेच होते. जुन्यात घेणाऱ्याला इतकी चांगली वेळ मी तोवर बघितली नव्हती. दुसऱ्याचा ओसरलेला उत्साह निम्म्या किमतीत मिळत होता.

पण नुसती उभी असलेली सायकलही खराब होते, हे लोकांना पटत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 38 अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या दाराच्या गॅरेजात त्याहून जास्त. टायरच्या कडा तडकतात. ट्यूबलेस टायरमधलं पांढरं द्रव वाळून त्याच्या रबरी गोळ्या होतात. काही हायड्रॉलिक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे "एकदाही चालवलेली नाही" ही माझ्या लेखी शिफारस नाही, तपासायची आणखी एक बाब आहे.

त्याच काळात नागपूरचा एक मुलगा दुकानात आला. मुलगा म्हणजे तिशीतला, सॅक्रामेंटोत सॉफ्टवेअरमध्ये. बरोबर बायको. "ताई, तुम्ही मराठी ना? मी तर किती दिवसांपासून पाहून राहिलो होतो, विचारू की नको." अहो-जाहो नको, अरे म्हणा, असं त्याने पहिल्या पाच मिनिटांत बजावलं. त्याच्या डोक्यात सायकल शिरली होती ती डॉ. अमित समर्थांमुळे. रेस अ‍क्रॉस अमेरिका ही शर्यत कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून निघून मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला संपायची, अंतर सुमारे 4,800 किलोमीटर, आणि एकट्याने उतरणाऱ्याला वेळ 12 दिवस. 2017 मध्ये नागपूरच्या समर्थांनी ती एकट्याने पुरी केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथांनीही. त्याआधी 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून ती पार केली होती. माझ्याकडे येणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांपैकी पुष्कळांच्या मोबाइलमध्ये या चौघांपैकी कुणाचा तरी फोटो असतो. प्रेरणा उत्तमच. फक्त त्या फोटोकडे बघून सायकल निवडायची नसते. बारा दिवस चालवणाऱ्याला जी बसण्याची ढब लागते ती शनिवारी दोन तास चालवणाऱ्याच्या पाठीला सोसत नाही.

त्याने दोन पर्याय पक्के करून आणले होते. एक, आमच्या भिंतीवरची नवी अ‍ॅल्युमिनियमची, किंमत 1,200 डॉलर, करासकट 1,300 च्या आसपास. तिला शिमानोचा क्लॅरिस, म्हणजे मागे आठ दातेचक्रं. दुसरी फोल्समच्या एका गृहस्थाची, 2020 ची कार्बन फ्रेम, डिस्क ब्रेक, शिमानो 105, मागे अकरा. मागणी 1,500. घेतली तेव्हा जवळजवळ दुप्पट पडली असणार. जाहिरातीत लिहिलं होतं: रस्त्यावर फक्त 300 मैल.

"यात विचार काय करायचा ताई? अकरा कुठे आन् आठ कुठे."

मी म्हटलं, "त्यांना सायकल इथे घेऊन यायला सांग."

हे आमच्याकडे करता येतं. ठरावीक पैसे घेऊन खरेदीपूर्वी तपासणी. विकणारा नाही म्हणाला तर तेही उत्तरच. हे गृहस्थ आले, सायकल पुसून चकाचक केलेली, आणि स्वभावाने सज्जन.

मी आधी सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटखालचा नंबर वाचते. तो बाइक इंडेक्सवर टाकला की सायकल चोरीला गेल्याची नोंद आहे का ते कळतं. शिकागोत 2013 मध्ये सुरू झालेली ही ना-नफा संस्था आहे, तपासायला पैसे पडत नाहीत. नोंद नाही म्हणजे चोरीची नाहीच असं नव्हे, पण खरवडलेला नंबर दिसला की मी पाना खाली ठेवते. आमच्या लहानपणी सायकलींना नगरपालिकेचा बिल्ला असायचा, तेवढीच ओळख. इथे महापालिकेची तेवढीही सक्ती नाही.

मग चेन. सायकलीचा खरा चोपडा ती. नव्या चेनमध्ये चोवीस कड्या मोजल्या की बरोबर 12 इंच भरतात. चालवून चालवून पिनांच्या जागा झिजतात आणि ही लांबी वाढत जाते. पार्क टूलची एक पट्टी मिळते, तिच्या एका टोकाला अर्धा टक्का आणि दुसऱ्याला पाऊण टक्का असे दोन दात. अकरा गिअरच्या चेनमध्ये अर्ध्या टक्क्याचा दात आत बसला की चेन बदलायची. पाऊण टक्क्याचा बसला तर बहुधा मागच्या दातेचक्रांची कॅसेटही गेलेली असते. या चेनमध्ये पाऊण टक्क्याचा दात अलगद आत गेला.

तेवढं झिजायला दोन-तीन हजार मैल लागतात. मी टायर बघितले. रबराचे केस जागच्या जागी.

तीनशे मैलांचे टायर आणि तीन हजार मैलांची चेन एकाच सायकलीवर. मुलगा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. फोल्समच्या गृहस्थांना मी एवढंच विचारलं, "घरात जागच्या जागी, ट्रेनरवर चालवायचात का?" ते खुलले. हो तर, लॉकडाऊनभर, रोज पहाटे, मागचं चाक काढून, त्याचीच कॅसेट ट्रेनरवर चढवून सायकल जोडायची आणि पडद्यावर झ्विफ्टचं अ‍ॅप लावायचं. खोटं ते बोललेच नव्हते. रस्त्यावर 300 मैलच झाले होते.

ट्रेनरवरच्या सायकलीला चिखल लागत नाही, खड्डा लागत नाही, पण घाम लागतो. रस्त्यावर वारा तो उडवून नेतो. बंद खोलीत तो तासभर नाकाच्या शेंड्यावरून, कोपरांवरून ठिबकत राहतो, तोही ठरावीक जागी: हँडल, स्टेम, त्याखालची हेडसेटची बेअरिंग. मिठाचं पाणीच ते. मी ब्रेक लिव्हरवरचं रबर मागे सरकवलं आणि टेपचे दोन वेढे सोडले. आत हँडलवर पांढरी भुकटी. नखाने खरवडली तर खाली अ‍ॅल्युमिनियमला देवीच्या व्रणांएवढे खड्डे. स्टेमचे स्क्रू तपकिरी. पुढचं चाक उचलून हँडल हलकेच फिरवलं, तर मधोमध आल्यावर ते एका खाचेत बसल्याचं हाताला कळत होतं. वरची बेअरिंग खलास.

गंजलेलं हँडल हा चेष्टेचा विषय नाही. ते उतारावर तुटतं, कारण तिथेच माणूस त्यावर भार टाकतो.

फ्रेमची पाळी त्यानंतर. कार्बनची भीती लोकांना फार, आणि ती निम्मी खरी आहे. धातू आधी वाकतो, पोचा दिसतो. कार्बनच्या आतले थर सुटलेले असले तरी वरचा रंग धड दिसू शकतो. म्हणून आम्ही नाण्याने ठोकत जातो, आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो तसं. सलग टणटण येत असताना मध्येच आवाज बसका झाला की तिथे थांबायचं. मात्र नळीची जाडी जागोजागी बदलते, त्यामुळे आवाजही बदलतो. कान तयार नसेल तर माणूस चांगली फ्रेम नाकारतो किंवा फुटकी पदरात पाडून घेतो. शंका असेल तर अल्ट्रासाउंड करणारे लोक आहेत. कार्बन दुरुस्तही होतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आमच्याच राज्यात क्रेग काल्फी यांची काल्फी डिझाइन कितीतरी वर्षं तडकलेल्या फ्रेम जोडून देते आहे. दुरुस्त केलेली आणि तसं उघड सांगितलेली फ्रेम मी न सांगितलेल्या धड फ्रेमपेक्षा बरी मानते. ही फ्रेम धड होती. सीटची नळी जिथे आत जाते तिथे, मागच्या एक्सलच्या टोकांपाशी, बॉटम ब्रॅकेटच्या आजूबाजूला टॉर्च मारून बघितलं, कुठे केसाएवढीही रेघ नाही.

आणखी एक गोष्ट मी हल्ली सगळ्यांची तपासते. 2023 च्या सप्टेंबरमध्ये शिमानोने जुलै 2019 पूर्वी बनवलेल्या काही अकरा-गिअर अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्यांची, तपासणी जाहीर केली. दोन भाग चिकटवून केलेली ती क्रँक, सांधा सुटू शकतो म्हणून. एकट्या अमेरिकेत असे सुमारे 6,80,000 नग. क्रँकच्या आतल्या बाजूला दोन अक्षरी सांकेतिक खूण असते, ती यादीत असेल तर अधिकृत दुकानात तपासून, सांधा सुटत असेल तर फुकट बदलून मिळते. जुन्या बाजारात मात्र अशा सायकली काहीही न सांगता फिरतात. आमच्या नागपूरकराच्या उमेदवाराला 105 होतं, ते त्या यादीत नाही. तो प्रश्न सुटला.

मग कागदावर आकडे. चेन 40, कॅसेट 70, हेडसेटची बेअरिंग 40, हँडल 60, टेप 30, आणि सगळं उतरवून चढवायची मजुरी 200. बेरीज 440. मी कागद दोघांच्या मध्ये सरकवला आणि दुसऱ्या सायकलीच्या चाकाचा आऊट काढायला गेले. घासाघीस करताना मेकॅनिकने समोर उभं राहू नये, कुणाला तरी तो आपल्या बाजूचा वाटतो. वीसेक मिनिटांनी आले तर भाव 1,050 वर आला होता. म्हणजे दुरुस्तीसकट 1,490. नव्यापेक्षा दोनशे डॉलर जास्त, आणि हाती तीन पायऱ्या वरचे गिअर, कार्बन फ्रेम, हायड्रॉलिक ब्रेक. हिशेब चोख होता.

तरी मी त्याला नवी घे म्हणून सांगितलं.

कारण मी त्याला मधल्या वेळात विचारून ठेवलं होतं, घरी पंप कुठला आहे? पंप नव्हता. पंक्चर कधी काढलंय? लहानपणी धरमपेठेत दुकानात काढून घ्यायचो. चेनला तेल कधी घालायचं? "तेच तर तुम्ही सांगणार ना ताई." अशा माणसाला पहिलं वर्ष आठ गिअरची अ‍ॅल्युमिनियमची सायकल बरी. ती गॅरेजात भिंतीवर आपटली तर पोचा येतो आणि दिसतो. तिची चेन पंधरा-वीस डॉलरला मिळते. नव्या केबल पहिल्या काही आठवड्यांत ताणतात, गिअर खडखडायला लागतात, ते आम्ही फुकट लावून देतो, आणि त्या निमित्ताने माणूस दुकानात येतो, बघतो, शिकतो. फ्रेमची हमीही असते. बहुतेक मोठ्या कंपन्यांची हमी पहिल्या मालकापुरतीच. दुसऱ्या हाती गेली की संपली. सवय लागली तर वर्ष-दीड वर्षाने वरची घ्यावी, तोवर आपल्याला नक्की काय हवंय हे पाठीला आणि तळहातांना कळलेलं असतं. आणि नाही लागली सवय, तर निदान विकताना मन जळत नाही.

दुकानाचा मालक आतून ऐकत होता. मी नवी खपवते आहे असं वाटून त्याने अंगठा वर केला. दहा वेळा मी गिऱ्हाइकांना जुनीकडे पाठवलेलं असतं तेव्हा त्याचा चेहरा वेगळा असतो.

नागपूरकराने ऐकलं नाही. त्याचा जीव कार्बनवर बसला होता. फोल्समची सायकल त्याने घेतली, मी चार दिवसांत ती नीट केली, आणि आता तो विंटर्सपर्यंत जाऊन येतो. चेनला तेल घालतो का? घालतो, जरा जास्तच. पुसून काढत नाही, त्यामुळे चेनवर काळा चिखल धरतो. तरीही चुकीची सायकल घेतली असं मला म्हणता येत नाही, कारण सायकल चांगलीच होती. मी सल्ला माणसाकडे बघून दिला होता आणि त्याने निवड सायकलीकडे बघून केली, एवढाच फरक.

ज्यांना मी जुनी घे म्हणून आग्रह करते, ती माणसं वेगळी असतात. कोल्हापूरहून आलेली एक पीएचडीची विद्यार्थिनी होती, तिच्या हाताच्या पकडीवरूनच कळायचं की घरी काहीतरी खोलणं-जोडणं चालायचं. वडिलांचं रिवाइंडिंगचं दुकान. तिला मी रिम ब्रेकची, दहा गिअरची सायकल शोधून दिली. 2018 पासून शर्यतींतही डिस्क ब्रेक सर्रास चालायला लागले आणि रिम ब्रेकच्या चांगल्या चांगल्या सायकलींचे भाव कोसळले. त्यांत एकच बघायचं: रिमच्या कडेला झीज दाखवणारी बारीक खाच असते, ती पुसली गेली असेल तर रिम बदलायला झाली. शिवाय जुन्या फ्रेममध्ये 25 मिलिमीटरच्या वरचा टायर बहुधा बसत नाही, आणि सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या शेतरस्त्यांवर 32 चा टायर म्हणजे सुख. ती म्हणाली, "खड्डे मला माहीत आहेत, पैसे नाहीत." तिने दिलेल्या पैशांत आजही तसली सायकल मिळाली तर मी स्वतः घेईन.

हेल्मेट मात्र कधीही वापरलेलं घेऊ नये. याला माझ्याकडे अपवाद नाही. एकदा आपटलेल्या हेल्मेटचा आतला फोम दबून गेलेला असतो, बाहेरून टवटवीत दिसतं. सायकलीवर हजार डॉलर घालणारी माणसं तिथे चाळीस वाचवायला बघतात.

आणि माप. खरं म्हणजे जुनी-नवीच्या आधी हा प्रश्न यायला हवा, पण तो कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे सायकल 22 इंची किंवा 24 इंची, बाकी सीट वरखाली केली की झालं. रोड बाइकला सीट वरखाली करून भागत नाही. हँडलपर्यंतचं अंतर फ्रेममध्येच ठरलेलं असतं. इथल्या जुन्या बाजारात सायकली येतात त्या इथल्या पुरुषांच्या मापाच्या, 56 आणि 58. आपल्याकडच्या पाच फूट दोन इंचाच्या बाईला लागते 48 किंवा त्याहून लहान, आणि ती क्वचित दिसते. जायंट कंपनीचा लिव्ह हा खास बायकांचा ब्रँड आहे, त्या सायकली जुन्यात आल्या तर दिवसभरात जातात. इतरांना जुनीचे धडे देणारी मी स्वतः नवी सायकल चालवते ती याच कारणाने. पाच-सात सेंटिमीटर मोठ्या फ्रेमवर स्वस्तात बसून मानेचं दुखणं घेण्यात काय अर्थ आहे? घासाघीस करून माप कमी होत नाही.

नागपूरकराची बायको हे सगळं इतके दिवस गप्प ऐकत होती. तो सायकल न्यायला आला त्या दिवशी ती काउंटरशी आली. "ताई, याची झाली. माझ्यासाठी जुनीच पाहा. मी पुसून ठेवते वस्तू, याच्यासारखं नाही."

"अगं, तुला काय गरज..." त्याने सुरुवात केली आणि तिने नजरेनेच त्याला थांबवलं.

तिला मी चपला काढून भिंतीला टेकून उभं केलं. मांड्यांच्या मध्ये एक जाड पुस्तक, कणा भिंतीला लागेल असं, सीटवर बसल्यासारखं वर घट्ट ओढून. शिमानोचा जुना कॅटलॉग या कामाला बरा पडतो. नवऱ्याला टेपचं खालचं टोक धरायला बसवलं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत 71 सेंटिमीटर. मी ते वहीत लिहिलं. लहान मापांची वेगळी वही आहे माझी, तिच्या आधी चार नावं होती.

"कधी येईल?"

"जूनमध्ये विद्यापीठ संपलं की मुलं गाव सोडतात, तेव्हा सायकली निघतात. कोणी विकतात, कोणी नुसत्या टाकून जातात. त्या विद्यापीठ उचलतं आणि मागाहून लिलावात काढतं. तोवर जाहिराती बघत राहा, पण 48 च्या वरची कोणी दाखवली तर बघायलासुद्धा जाऊ नकोस. आणि याला बरोबर नेऊ नकोस, तो रंग बघून हो म्हणेल."